भागीदारीत ब्रँड कसा गमवावा : नवशिक्यांसाठी

भागीदारीत धंदा काढताय? अभिनंदन. नफा निम्मा-निम्मा, हे चहाच्या टपरीवरच ठरलं असेल. आता नाव, चित्र, कृती आणि कल्पना कुणाच्या, एवढंच ठरायचं राहिलंय. ते मुळीच ठरवू नका. पुढच्या सूचना मनापासून पाळल्यात, तर धंदा नावारूपाला येईल त्याच सुमारास तुम्ही दोघं वेगवेगळ्या वकिलांचे जिने चढत असाल. उदाहरणादाखल थालीपिठाची भाजणी घेऊ.

१. नाव भावनेच्या भरात ठेवा. पाकिटावर तुमच्या आजीचं नाव आणि नऊवारीतला फोटो. आतली भाजणी मात्र भागीदाराच्या आईची. पुढे बिनसलं की एक जण नाव घेऊन जाईल, दुसरा चव. गिऱ्हाईक म्हणेल, ‘पूर्वीची राहिली नाही हो.’

२. करार करा, पण स्वस्तात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच कागदांना शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प पेपर लागतो. त्यावर आणखी वकिलाचा खर्च कशाला? झेरॉक्सच्या दुकानात तयार मसुदा असतोच. चौथ्या पानावर ‘सदर ट्रॅक्टरचा ताबा’ राहिला असेल तर राहू द्या. बौद्धिक संपदेचं कलम दिसलं तर तेवढं ‘आपल्यात कसलं आलंय’ म्हणून काढून टाका.

३. ट्रेडमार्क ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतोय, त्याच्या नावावर टाका. नोंदणी दहा वर्षं चालते, नूतनीकरणही होतं. मनस्तापाची सोय टिकाऊ आहे.

४. लोगो भाच्याच्या मित्राकडून करून घ्या. पैसे गूगल पेनं, कागद काही नाही. तुमची समजूत अशी की पैसे दिले, लोगो आपला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याची समजूत वेगळी आहे: स्वतंत्रपणे काम करणाऱ्यानं सही करून लेखी हक्क दिले नाहीत, तर ते सहसा त्याच्याचकडे राहतात. पगारी नोकरानं केलेलं काम बहुधा मालकाचं होतं, तेव्हा त्याला चुकूनही नोकरीवर ठेवू नका. लिहून घ्यायचंच झालं, तर मुदत आणि प्रदेश या दोन जागा कोऱ्या सोडा. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. पुढे कधी न्यू जर्सीला पाकिटं पाठवायची वेळ आली की त्या मुलाला शोधावं लागेल. फार लांब जायला नको, तो तिथंच स्थायिक झालेला असेल.

५. कृती व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही; भिस्त असते ती मुख्यतः करारावर. म्हणून जॉब वर्क करणाऱ्या गिरणीवाल्याला धने-मेथीच्या मापांसकट सगळं पाठवा आणि गोपनीयतेचा कागद मागू नका. माणूस दुखावतो हो!

६. भाजणी भाजायचं नवं यंत्र बनवलंत? पेटंटचा अर्ज करण्याआधी रील टाका. यंत्राचं गुपित जगजाहीर झालं की नावीन्य संपलं, आणि पेटंटही बहुधा गेलंच. मिळालंच तर दोघांच्या नावे ठेवा. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर दोघांनाही ते स्वतः वापरता येतं, पण एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला तिसऱ्याला परवाना देता येत नाही. अबोला धरलेल्या माणसांसाठी ही तरतूद फारच सोयीची आहे.

७. फुटण्याचा मुहूर्त दिवाळीच्या तोंडावर काढा. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळं काही नसेल तर फर्म विसर्जित झाल्यावर सगळा कारभार मिटेपर्यंत एक भागीदार दुसऱ्याला फर्मच्या नावानं तसाच धंदा करण्यापासून रोखू शकतो. तुम्ही त्यांना रोखा, ते तुम्हाला रोखतील. फराळाचा हंगाम शेजारच्या दुकानदाराला लाभेल. बिचाऱ्यानं इतकी वर्षं वाट पाहिली आहे.

तिसऱ्या सूचनेबद्दल एक खुलासा राहिला. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी व्यक्तीला ४,५०० रुपये आहे. लघुउद्योग म्हणून नोंद असलेल्या फर्मलाही तेवढीच.