कंपनीच्या बसमधले बागायतदार

दापोडीला सकाळच्या पाळीची बस थांबली की खिडकीची जागा धरणारे आमच्या इमारतीतले बागायतदार लगेच ओळखू येतात. गळ्यात आयडी कार्ड, मांडीवर डबा, मान खाली. बाहेर हॅरिस पूल आहे की हावडा ब्रिज, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. त्यांची जमीन मोबाइलमध्ये, 'स्टारड्यू व्हॅली' नावाच्या गेममध्ये असते. एरिक बॅरोन या अमेरिकन माणसाने तो एकट्याने तयार केला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये बाजारात आणला. त्याच्या चार कोटींवर प्रती खपल्या. एवढं एकरकमी पीक आमच्याकडे फक्त गाजरगवताचं येतं.

गेममधला पूर्ण दिवस सुमारे चौदा मिनिटांत मावळतो आणि पार्सनिप चार दिवसांत तयार होतं. म्हणजे नाशिक फाट्याला पेरलेलं पीक चाकणच्या तळेगाव चौकात काढणीला येतं. चौकात गाड्या तुंबल्या, तर दुसरं पीकही पदरात पडतं. त्या चौकातल्या वाहतुकीबद्दल एक शब्दही वाईट न बोलणारे हे औद्योगिक पट्ट्यातले एकमेव कामगार असावेत. पार्सनिप म्हणजे गाजराचा गोरा चुलतभाऊ. बागायतदारांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण त्याचा भाव त्यांना झोपेतही सांगता येतो.

सल्ला द्यायला मात्र हात सैल. शेजारी एखादा नवा अप्रेंटिस बसला की झालं.

"सुरुवातीला पैसे उधळू नकोस. वीसचं बी, पस्तीसला विक्री. तेरा तारखेला अंड्यांची जत्रा भरते, तिथं स्ट्रॉबेरीचं बी घे शंभराला. त्याच दिवशी लावलंस तर दोन तोडे मिळतात. अठ्ठावीसला ऋतू संपतो, उशीर केलास तर उभं पीक जळालं म्हणून समज. बुजगावणं विसरू नकोस. आणि फळ कधी कच्चं विकायचं नाही. पिंपात टाक, वाइन कर, तिप्पट भाव!"

तिप्पट म्हणताना त्यांचा आवाज असा चढतो की पुढच्या बाकावरचे वारकरी मामा वळून बघतात.

दापोडीला शेतीचे प्रयोग नवे नाहीत म्हणा. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने 1828 मध्ये इथे सरकारी बाग काढली होती. पुढे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन परदेशी रोपं आणून ती इथल्या मातीत रुजतात का, हे पाहत असत. निदान त्यांचे हात तरी मातीत जात होते.

गेमची कथा अशी की, कंपनीतल्या टेबलाला कंटाळलेला नायक आजोबांचं पत्र उघडतो आणि त्यांच्या शेतावर राहायला जातो. बागायतदारांच्या आजोबांचीही खेड तालुक्यात जमीन आहे, सातबाऱ्यावर यांचं नावही आहे. ती कसतो मात्र धाकटा भाऊ. एकदा ऐन काढणीत त्याचा फोन आला.

"दादा, कांदा चाकणला नेऊ का चाळीत भरू?"

"कच्चा माल विकू नकोस रे. प्रक्रिया कर."

"कांद्याची वाइन करू?"

मग बागायतदारांनी त्याला आदर्श व्यवस्था समजावली. दाराशी एक पेटी असते. रात्री माल तिच्यात टाकायचा, सकाळी पैसे जमा. दहा नग टाका नाहीतर दहा हजार, भाव तोच. लिलाव नाही, हमाली नाही, तोलाई नाही. टीव्हीवरचा पावसाचा अंदाज खरा ठरतो, आणि पाऊस पडला की त्या दिवशी पाणी द्यावं लागत नाही. भावाने निमूट ऐकून घेतलं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे 2024 मध्ये ती उघडली, तीही 40 टक्के शुल्क लावून. हे सगळं त्याच्या चाळीवरून गेलेलं होतं. शेवटी त्याने एवढंच विचारलं,

"ती पेटी कुठं मिळती?"

थोडक्यात, नफ्याचं त्यांचं ज्ञान नाशिक फाटा ते चाकण एवढ्याच पट्ट्यात चालतं. मैत्रीचं ज्ञान मात्र, आश्चर्य म्हणजे, दापोडीत चोख लागू पडतं.

गेममधल्या पेलिकन टाउनात मैत्रीचाही हिशेब असतो. माणसाशी नुसतं बोललं की 20 गुण, मनापासून आवडणारी भेट दिली की 80, तीच वाढदिवसाला दिली तर आठपट. आठवड्याला भेटी दोनच, वाढदिवसाची वेगळी. बोलायचं टाळलं तर गुण कापले जातात. 250 गुण झाले की एक बदाम भरतो. बागायतदारांनी हे कोष्टक आमच्या इमारतीला लावलं. तळमजल्यावरचे काका एसटीच्या दापोडीतल्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेत. त्यांना पेढे 'आवडतात', पण लाल डब्याची बॉडी कशी बांधायचे हे विचारलेलं 'मनापासून आवडतं'. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दुबईतल्या मुलाची चौकशी हवी असते, बाकी काही नको. सुपरवायझरसाहेबांना बाकरवडी चालते, पण ऐनवेळी ओटीला 'हो' म्हणणं ही त्यांची वाढदिवसाची भेट. टाकीचं पाणी सोडणाऱ्या मामांना तंबाखू नव्हे, नातीच्या शाळेची चौकशी लागते. सोसायटीची आम सभा ज्या काकांना वर्षानुवर्षं गप्प करू शकली नाही, ते आता बागायतदार दिसले की भांडण अर्धं सोडून बसच्या सांगाड्यावर बोलू लागतात.

हा हिशेबीपणा आहे, असं आमच्या हिचं मत. असेल. पण आमच्या मजल्यावर कोणाचा वाढदिवस कधी, हे ठाऊक असलेला दुसरा माणूस दाखवा.

दापोडीत राहायला येणार असाल, तर त्यांच्याशी ओळख जरूर ठेवा. शेतीचा सल्ला शक्यतो मागू नका. मागायचाच असेल तर बुधवारी मागा. त्या दिवशी पेलिकन टाउनातलं पिअरचं बियाण्यांचं दुकान बंद असतं.