मेणाचा डबा

गाडी घेताना माणूस जेवढा विचार करत नाही, तेवढा तो तिला लावायच्या वॅक्सचा करतो. गाडीचं सोपं असतं. रंग बायकोने ठरवलेला असतो, सनरूफ मुलाने, हप्ता बँकेने. आपण फक्त सह्या करायच्या. वॅक्सच्या डब्यात मात्र घरातल्या कुणालाच काडीचा रस नसतो, त्यामुळे इथे निर्णयाचं संपूर्ण स्वातंत्र्य मिळतं. पन्नाशीनंतर असं स्वातंत्र्य फारसं वाट्याला येत नाही. म्हणून माणूस ते पुरवून पुरवून वापरतो.

दुकानात डब्यांची रांग असते. काही डबे शेकड्यांत, काही हजारांत आणि एखादा कुलूपबंद कपाटात. चांगल्या डब्यांवर ‘कार्नाउबा’ हे नाव हमखास असतं आणि त्याच्या आधी ‘१०० टक्के शुद्ध’. आता गंमत अशी, की कार्नाउबा हे निसर्गात मिळणाऱ्या मेणांमधलं सर्वांत कडक मेण. ते वितळायला ८२ ते ८६ अंश सेल्सिअस लागतात. नुसतं तेच डब्यात भरलं, तर फडक्याला लागणारसुद्धा नाही. गाडीवर पसरायचं तर त्यात तेलं, द्रावकं आणि मधमाश्यांचं मेण वगैरे घालून ते मऊ करावंच लागतं. म्हणजे ‘१०० टक्के शुद्ध’चा अर्थ एवढाच, की आत जो काही कार्नाउबा आहे तो शुद्ध आहे. वाटीभर वरणावर थेंबभर तूप सोडून वाटीवर ‘१०० टक्के शुद्ध साजूक तूप’ अशी चिठ्ठी लावावी, तसंच हे. चिठ्ठी खोटी नाही. वरणाबद्दल ती गप्प आहे, इतकंच.

हे मेण येतं ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून. सेआरा, पियाउई, रिओ ग्रांदे दो नोर्ते ही त्याची माहेरची राज्यं. सेआराने तर त्याला राज्यवृक्षाचा मान दिला आहे. मुलूख कोरडा, ऊन कडक. पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. पावसाळा सरला की कामगार लांब बांबूला लावलेल्या कोयत्याने पानं उतरवतात, उन्हात वाळवतात, झोडपतात आणि झडलेली भुकटी गोळा करून वितळवतात. पाणी आत राहावं म्हणून झाडाने केलेली ही सोय आपण पाणी बाहेर राहावं म्हणून बॉनेटवर चोळतो. झाडाला विचारलं असतं तर ते हसलं असतं. कामगार हसले नसते. या धंद्यात गुलामीसारख्या अवस्थेत राबणारी माणसं ब्राझीलच्या सरकारी तपासणीत सापडलेली आहेत, आणि डब्यावर त्याचा उल्लेख कुठे नसतो.

या मेणाच्या मागे लागलेला माझा आवडता माणूस म्हणजे हर्बर्ट जॉन्सन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी त्याच्या घराण्याचा फरशीच्या मेणाचा कारखाना होता. कार्नाउबाचा पुरवठा पुढेही टिकेल ना, ही काळजी त्याला लागली. दुसरा कुणी असता तर त्याने पत्र पाठवलं असतं. हा १९३५ साली पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं सिकोर्स्की विमान घेऊन थेट ब्राझीलला निघाला. विमानाचं नावही त्याने ‘कार्नाउबा’ ठेवलं होतं. पुढे १९९८ मध्ये त्याच्या मुलाने तसंच विमान नव्याने बांधवून घेतलं आणि आपल्या मुलांसह तोच प्रवास पुन्हा केला. दुकानात काउंटरला टेकून अर्धा तास डबे हुंगणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने वेड्यात काढू नये, यासाठी हा दाखला पुरेसा आहे.

आणि एक घरगुती विसंगती. सफरचंदावर सुरी फिरवून पांढरा कीस काढायचा आणि ‘बघा, मेण!’ म्हणून सगळ्यांना घाबरवायचं, हा आपल्याकडचा लोकप्रिय कार्यक्रम आहे. ताज्या फळांवर चढवायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी जी मेणं मान्य केली आहेत, त्यांत कार्नाउबा आहे. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी अनेकदा त्याचीच असते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ते ९०३ या क्रमांकाने वावरतं. तेव्हा ज्या घरात बायको सुरीने मेण खरवडते आहे, त्याच घराखाली नवरा तेच मेण हजार रुपये मोजून बोटांनी पसरत असतो.

लावल्यावर काय होतं? पाणी थेंबाथेंबांनी उभं राहतं आणि घरंगळतं. ते दृश्य देखणं असतं, आणि खरं सांगायचं तर पैसे त्याचेच असतात. ही मजा काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. ऊन, धूळ आणि शाम्पू तिला लवकर संपवतात. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं, सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त. कार्नाउबाचे भक्त म्हणतात की त्याने रंगाला खोली येते. काळ्या आणि गडद लाल रंगावर मलाही ती दिसते. पांढऱ्यावर ती दिसते असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. त्याने पैसे भरलेले असतात. आणि आपल्या सोसायट्यांची पार्किंगं तर पांढऱ्याच गाड्यांनी भरलेली.

या साऱ्या विद्वत्तेवर रोज सकाळी सहा वाजता एक माणूस ओलं फडकं फिरवतो. त्याच्याकडे एक बादली असते आणि इमारतीतल्या सगळ्या गाड्या. पहिल्या गाडीची रेती तिसऱ्या गाडीवर जाते, आणि दुपारच्या उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं की गोलगोल बारीक चरे दिसतात. ते वॅक्सने जात नाहीत. वॅक्स नुसतं वर बसतं. चरे काढायला पॉलिश लागतं, आणि पॉलिश म्हणजे वरचा पारदर्शक थर थोडा तासून काढणं. तो थर केसाहून पातळ असतो, त्यामुळे दर दिवाळीला हा उद्योग परवडत नाही. पुसणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण महिन्याला जे देतो, त्यात दुसरी बादली बसत नाही.

तेव्हा गाडी पांढरी असेल तर सरळ सिंथेटिक घ्या. काळी किंवा लाल असेल तर कार्नाउबाच घ्या, पण मधल्या किमतीचं. सावलीत, थंड पत्र्यावर आणि अगदी पातळ लावा. कुलूपबंद कपाटातल्या डब्याचे जे पैसे वाचतील, त्यांत चार चांगली मायक्रोफायबर कापडं येतात आणि सकाळच्या त्या माणसासाठी दुसरी बादलीही.