तपश्चर्या कुणाची?

लातूरकराला ताटकळणं शिकवावं लागत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे येईपर्यंत आणि आल्यावरही आम्ही घागरी घेऊन टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेलो. म्हणजे पक्ष्यांचे फोटो काढायला लागणारा धीर इथं वारशातच मिळतो.

पण हाच माणूस कारच्या किमतीची लेन्स गळ्यात अडकवून माळावर गेला, की दहा मिनिटांत चुळबुळतो. पक्षी येईना? मग मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवायचा. आपल्या हद्दीत दुसरा घुसला म्हणून बिचारा नर छाती काढून फांदीवर येतो. खटाखट! संध्याकाळी स्टेटस : ‘सहा तासांची तपश्चर्या’. त्यातले चार ढाब्यावरचे.

नांदेडकर गोदेच्या काठानं वर, जायकवाडीच्या अभयारण्यात जातो. तिथं हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब निवांत बसलेले असतात. बसलेला पक्षी काय कामाचा? उडताना हवा! मग खडा.

खरी तपश्चर्या बघायची तर मे महिन्यात टिटवीची बघा. आमच्याकडं टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस बक्कळ, असं जुनी माणसं सांगतात. घरटं कसलं, उघड्या माळावर खडेमातीत चार अंडी. नर-मादी पाळीपाळीनं साधारण चार आठवडे बसतात. उबेपेक्षा सावलीसाठीच जास्त. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणायची आणि अंडी गार ठेवायची. तिचा टँकर तीच.

तिथं आमचे छायाचित्रकार पोचतात. टिटवी उठते, डोक्यावर घिरट्या घालत बोंबलते. ह्यांना ‘ॲक्शन शॉट’ मिळतो, खाली अंडी भाजतात. असंच एकदा बालाघाटाच्या माळावर आमचा एक मित्र ठाण मांडून बसला होता. मेंढरं चारणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, “सायेब, तुमी उठलाव की ती बसतीय. कवा उठताव?”

मित्राला ते लागलं. लागायलाच हवं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. बंदूकवाल्याला निदान आपण शिकारी आहोत हे ठाऊक असतं. हा कॅमेरावाला स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतो.

धीर असलेली माणसंही आहेत. लपणात घामानं निथळत बसतात, पक्षी आला नाही तर रिकाम्या हातानं घरी येतात. त्यांचं स्टेटस कुणी बघत नाही. पण धीर धरायला पक्षी तरी उरायला हवा. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. आता तिथं एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात माळावर टिटवी डोक्यावर ओरडू लागली तर कॅमेरा उचलू नका, आल्या पावली मागं फिरा. आणि पाय बघून टाका. अंडी मातीच्याच रंगाची असतात.