३३३ लिटर औषध

आमच्या दारात लाल जास्वंद आहे. रत्नागिरीत हे काही मुद्दाम सांगण्यासारखं नव्हे. गणपतीला लाल फूल लागतं, आणि ते पहाटे शेजाऱ्याच्या गडग्यावरून चोरावं लागू नये एवढ्यासाठी तरी माणूस जास्वंद लावतोच. गेल्या फाल्गुनात तिच्या शेंड्यांवर कोणी कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसायला लागलं. कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या, पानं चिकट व्हायची, आणि त्या चिकट्यावर मुंगळ्यांची अशी झुंबड, की शिमग्याची पालखी पहिल्यांदा आमच्याच अंगणात उतरली असावी.

शेजारच्या अण्णांना दाखवलं. त्यांची हापूसची दोनशे कलमं आहेत, त्यामुळे किडीच्या बाबतीत आमच्या वाडीत त्यांचा शब्द शेवटचा. चष्मासुद्धा न लावता म्हणाले, "पिठ्या ढेकूण. औषध मारा."

औषध! उंदरांचं औषध, झुरळांचं औषध, तणाचं औषध. ज्याला पाजायचं तो मरावा हीच अपेक्षा, तरी नाव मात्र काढ्यासारखं मायेचं. दुकानदारानं इमिडाक्लोप्रिडची १०० मिलीची बाटली पुढ्यात ठेवली. त्याच्याकडची सर्वांत लहान तीच.

घरी येऊन हिशोब मांडला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या आंब्याच्या वेळापत्रकात हेच औषध तुडतुड्यांवर १० लिटर पाण्याला ३ मिली सांगितलंय. माझ्या जास्वंदीला अर्धा लिटर पुरे. म्हणजे ०.१५ मिली. हे मोजायचं कशानं? आणि एका बाटलीत पाणी होणार ३३३ लिटर, फवारण्या ६६६. महिन्याला एक धरली तरी साडेपंचावन्न वर्षं! माझी एकसष्टी परवाच झाली. बाटलीला वारस लावून ती सातबाऱ्यावर चढवण्यावाचून गत्यंतर दिसेना.

"अहो, याच्यावर पिवळा त्रिकोण कसला?" बायकोनं विचारलं.

लाल, पिवळा, निळा, हिरवा, असा तो जहालपणाचा उतरता क्रम, हे मी सांगून बसलो.

"म्हणजे विषात दुसरा नंबर. आणि ते फूल तुम्ही देवाला वाहणार!"

बाटली कोकमाच्या आगळापासून शक्य तितकी लांब, पडवीच्या उंच खुंटीवर गेली. मग घरगुती उपाय काढू म्हटलं. अण्णांचे वडील तंबाखूचं पाणी शिंपडायचे. पण निकोटिनही विषच, आणि इमिडाक्लोप्रिड त्याच्याच गोत्रातलं. घरगुती म्हणजे सात्त्विक असं काही नसतं.

शेवटी साबणाचं पाणी आणि दातांचा जुना ब्रश घेऊन रोज सकाळी शेंडे घासायला लागलो. त्या पिंजलेल्या कापसात एक-दोन अंगानं मोठी, झिपरी, चांगली पळणारी मंडळी दिसायची. हीच यांची मालकीण, असं ठरवून मी तिला विशेष चवीनं चिरडत असे. आठवडाभर हा पराक्रम चालला. मग दापोलीला कृषी शिकणारा भाचा आला नि ओरडला, "मामा, काय करताय? ती ढालकिड्याची अळी आहे! ती पिठ्या ढेकूण खाते."

या ढालकिड्यांतल्या काही जातींच्या अळ्या अंगावर तसाच पांढरा मेणचट पेहराव चढवून ढेकणांच्या कळपात वावरतात. त्यांतली क्रिप्टोलेमस ही जात तर १८९८मध्ये खास ऑस्ट्रेलियाहून भारतात आणली होती. आमच्या जास्वंदीवरची नेमकी कोणती, हे भाच्याला सांगता येईना, कारण ओळख पटण्याजोगं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. साध्या वेषातले पोलीस धरून धरून मारले होते.

फवाऱ्याला मित्र-शत्रू कळत नाही, हे मी बायकोला मोठ्या तोंडानं ऐकवलं होतं. ब्रशलाही कळत नाही. फरक इतकाच, की ब्रशनं सात-आठ गेल्या, त्या ०.१५ मिलीनं एकही राहिली नसती. अर्थात हे अण्णांना शिकवायला मी जाणार नाही. मोहोर काळा पडला की त्यांचं वर्ष जातं आणि बँकेचा हप्ता राहतो. माझी जातात दोन फुलं. दोन फुलांसाठी मी ब्रश घेऊन बसू शकतो.

बाकीचं काम पावसानं केलं. आमच्याकडे तो वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. जूनच्या पहिल्या झोडपणीत कापूस, चिकटा, मुंगळे सगळं धुऊन निघालं. चतुर्थीला झाडानं नऊ फुलं दिली. दोन कुरतडलेली होती, ती मागच्या बाजूला वाहिली.

पौषात मोहोर फुटला तेव्हा अण्णा बाटली घेऊन गेले. त्यांचं फवारणीचं पिंप २०० लिटरचं. पावणेदोन पिंपंसुद्धा भरली नाहीत. माझी साडेपंचावन्न वर्षं त्यांनी न्याहारीच्या आत संपवली.