शतकाची पहाणी
१ जानेवारी २००० ला जगाने नव्या सहस्रकाचा नारळ फोडला. इसवी सनात शून्य साल नाही, तेव्हा मुहूर्त २००१ चा, असे बजावणाऱ्यांना कुणी हिंग लावून विचारले नाही.

बसवकल्याणकरांनी या वादात पडू नये. त्यांच्या गावाने १०७६ सालीच मोजणी बदलली होती. चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य कल्याणीच्या गादीवर बसला, शालिवाहन शक बाजूला सारला आणि स्वतःचा चालुक्य-विक्रम शक सुरू केला. आपण बसलो ते वर्ष पहिले! (राजाला शून्यापासून सुरुवात करायला कोण सांगणार?) राजघराणे ओसरले, शकही मागे पडला, सहस्रक लांबच.

मग निजामी. बिदर-गुलबर्ग्याच्या जुन्या जमिनीच्या कागदांवर फसली साल. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, ते फसली १३५७. त्या हिशेबाने जगाच्या सहस्रकी रात्री इथे साधे १४०९ चालू होते. फटाके कशाचे?

आपल्या पंचांगातला शक मात्र सरलेली वर्षे मोजतो. म्हणजे २००० चा आकडा लागला की दोन हजार वर्षे चोख पुरी, बाकी शून्य. तो पाडवा २०७८ मध्ये आहे. मंगल कार्यालय आत्ताच धरून ठेवा.