रिमोटकाका

नागपूरच्या कुठल्याही जुन्या ले-आउटमध्ये मे महिन्याच्या भर दुपारी मान वर करून पाहा. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून गच्चीच्या स्लॅबवर तळहात टेकवणारा आणि चटका बसल्यावर समाधानाने "हं!" म्हणणारा एक गृहस्थ दिसेलच. हे रिमोटकाका. पाटबंधारे किंवा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. घर विटांचं, नऊ इंची भिंतींचं आणि बैठं. वर मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळ्या मोकळ्या सोडलेल्या. पण पोरांनी पुण्यात फ्लॅट घेतले आणि सळ्या गंजत उभ्या राहिल्या.

काकांच्या साऱ्या विद्वत्तेचं मूळ या न चढलेल्या मजल्यात आहे. फ्लॅटमधल्या माणसाचं ऊन वरचा शेजारी झेलतो. बैठ्या घरात दिवसभराचं ऊन थेट आपल्याच स्लॅबवर पडतं, आणि खालच्या खोलीतला दीड टनाचा एसी त्या तापलेल्या स्लॅबशी रात्रभर झुंजतो. म्हणून एसीची देखभाल गच्चीपासून सुरू होते, असं काकांचं मत आहे, आणि ते बरोबर आहे. गुढी उतरली की ते चुन्याची बादली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन वर जातात. पांढरी गच्ची ऊन परतवते, खोली दोन-चार अंशांनी उतरते. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी चक्क ‘कूल रूफ’ धोरण आणलं. "सरकारला आत्ता समजलं," इतकीच काकांची प्रतिक्रिया.

तापमानाचे आकडे त्यांना तोंडपाठ. २३ मे २०१३, नागपूर ४७.९. २ जून २००७, चंद्रपूर ४९. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गहजब झाला. काकांनी तेव्हा गच्चीवर तळहात टेकवून जाहीर केलं होतं, "छप्पन्न नाही बे, यंत्र बिघडलं त्यायचं." हवामान खात्याचा सेन्सर बिघडल्याचा खुलासा त्यानंतर आला.

घरात मात्र त्यांचा जाच आहे. रिमोट बंडीच्या खिशात, आकडा २६ वर आणि वर पंखा एक नंबरवर. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे ऊर्जा दक्षता ब्यूरोचं वाक्य ते जेवताना ऐकवतात. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतील असा नियम आला, तेव्हा त्यांना सरकारने आपलंच ऐकल्यासारखं वाटलं. नातवाने चोरून १६ लावलं, तर त्याला व्याख्यान मिळतं: आपलं यंत्र जुनं, बिगर-इन्व्हर्टर, १६ लावलं म्हणून ते जास्त जोर लावत नाही, फक्त थांबायचं विसरतं. नातू पाणी प्यायला उठला, की पाठोपाठ हाक, "दार लाव नं बे! साऱ्या नागपूरले थंड करून राह्यला का?"

फटी शोधायची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. देवघरातली उदबत्ती पळवायची, एसी बंद करून पंखा थांबवायचा आणि खिडकीच्या चौकटीलगत ती हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा झाला की काका ओरडतात, "सापडली!" आणि तिथे पट्टी चिकटते. दाराखालच्या फटीत काकूंच्या जुन्या नऊवारीची वळकटी. काकू देवासमोर उदबत्ती शोधत उभ्या.

रात्री साडेनऊला ते पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवून म्हणतात, "दुपारी तीनचं ऊन आत्ता पोचलं." पाहुण्यांना हा वेडाचा झटका वाटतो. पण नऊ इंची वीटकाम ऊन आत सोडायला सहा-सात तास घेतं, आणि म्हणूनच अशा घरात एसी रात्रीच जास्त घाम गाळतो. त्यावर काकांचा उपाय म्हणजे भिंतीबाहेर वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे. बाहेरच्या युनिटवरही त्यांनी सावली केली आहे, पण चारी बाजू मोकळ्या ठेवून. शेजाऱ्यांनी चोरांच्या भीतीने आपलं युनिट लोखंडी पेटीत कोंडलं. आता ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं आणि शेजारी कंपनीला शिव्या देतात.

काकांचा खरा कस लागला तो जावयापुढे. जावईबापू मुंबईचे. त्यांनी रात्री एसीच्या जोडीला खिडकीतला कूलरही लावला; दोन यंत्रं, दुप्पट गारवा, असा हिशेब. सकाळी काकांनी ड्रेनच्या नळीखालची बादली उचलून बैठकीत आणली. कोरड्या मेमध्ये तिचा तळ जेमतेम भिजतो. त्या दिवशी ती काठोकाठ. "जावईबापू, रात्रभर तुमचा कूलर पाणी भरत होता अन् आमचा एसी उपसत होता." मग पोह्यांबरोबर इतिहास आला. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे यंत्र आखलं, ते माणसांसाठी नव्हतंच. दमटपणाने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसत नसत. दमट हवा कोरडी करणं हे एसीचं निम्मं काम. जावयांनी पोहे संपवून दुपारचीच गाडी पकडली.

मेकॅनिकही या घराला वचकून असतात. "काका, गॅस संपला, भरावा लागते," म्हणणाऱ्याला ते पायरीवरच थांबवतात. गॅस बंद नळ्यांतच फिरतो, जळत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आधी ती दाखव. बहुतेकदा गुन्हेगार निघतो धुळीने बुजलेला फिल्टर, आणि काका तो दर पंधरवड्याला नळाखाली धुतातच, तेव्हा त्यांच्या घरी तो आरोपही टिकत नाही.

असा माणूस घरात असणं ही शिक्षा आहे, शेजारी असणं मात्र भाग्य. तुमचं घर बैठं असेल, तर फेब्रुवारीतच त्यांना चहाला बोलवा, जिना दाखवा, चुना तुम्ही आणा. आपला रिमोट तेवढा आधी कपाटात ठेवा.