गाडी लागते, जेट लॅग होतो

मराठी माणसाला प्रवासात होणारे आजार दोन. पहिला गाडी लागणे. तो वरंध घाटात, एसटीच्या मागच्या बाकावर होतो. लिंबू, आवळासुपारी आणि खिडकीची जागा हे त्यावरचे उपचार, आणि रोगी तो होता होईतो लपवतो. दुसरा जेट लॅग. हा लपवलेला अजून कोणी पाहिलेला नाही. 'मळमळतंय' म्हणणाऱ्याच्या शेजारचा प्रवासी आधी आपली पिशवी उचलून घेतो. 'जेट लॅग आहे हो' म्हणणाऱ्याला मात्र आत्याचा फोन न घेण्याची, साखरपुड्यात बसल्या बसल्या पेंगण्याची आणि भर दुपारी दार लावून घोरण्याची मुभा मिळते. वर घरातले सगळे कौतुकाने दबक्या आवाजात बोलतात. महिन्याला दोन वाऱ्या करणाऱ्यांचा तर तो जणू हुद्दाच झाला आहे. आमचं म्हणणं एवढंच, की आजाराची प्रतिष्ठा लक्षणांवर नाही, तिकिटाच्या किमतीवर ठरते.

आजार खरा आहे, थट्टा कसली करता, असं कोणी म्हणेल. खराच आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागणारं एक घड्याळ मेंदूत असतं. असली घड्याळं पेशींत कशी चालतात हे फळमाशीवर शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. हे घड्याळ ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं आणि उन्हाळ्यात मुंबई-न्यूयॉर्क अंतर साडेनऊ तासांचं. म्हणजे रुळायला आठवडा तरी हवाच. (भारतीय प्रमाणवेळेशी जुळवून घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायला मुंबईने १९०६पासून १९५५पर्यंत वेळ घेतला, त्या मानाने आठवडा काहीच नाही.) शिवाय बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. त्यामुळे पश्चिमेला जाताना ताणलेला दिवस सोसतो, पूर्वेला येताना आखडलेला सोसत नाही. तिकडे उतरल्या उतरल्या मीटिंगला हजर होणारा भाचा दादरला आल्यावरच का आडवा होतो, या आत्याच्या जुन्या तक्रारीला शास्त्राने असं निम्मं उत्तर दिलं आहे. उरलेलं निम्मं तिला ठाऊक आहे. मुक्कामी योग्य वेळी उन्हात बसणं हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय. पण तो फुकट असल्याने लोकांना फारसा पटत नाही. त्यापेक्षा अर्जेंटिनातल्या संशोधकांचा शोध भारदस्त वाटेल: दिवस पुढे ओढलेल्या हॅमस्टरांना व्हायग्रा दिली, तर ते लवकर रुळतात. या शोधाला २००७ साली इग नोबेल मिळालं.

आता मुद्दा असा, की घड्याळ विमानाने बिघडत नाही, अवेळी उजेड-अंधार मिळाल्याने बिघडतं. मग हिंजवडीत बसून अमेरिकेच्या दिवसाला उत्तरं देणारी मुलगी, पाळीवरची नर्स, पहाटेआधी दादरच्या फूलबाजारात गोण्या उतरवणारा हमाल यांना काय झालेलं असतं? तेच. फक्त त्यांच्या बॅगेला विमान कंपनीची चिठ्ठी नसते, म्हणून त्याला 'पाळी लागली' म्हणायचं. त्यांना सवय होते, हा यावरचा आवडता आक्षेप, आणि तो नेमका उलटा आहे. विमानवाल्याला नव्या गावचा सूर्य मदत करतो. रात्रपाळीवाला सकाळी घरी निघतो तेव्हा तोच सूर्य त्याच्या डोळ्यांत शिरून रात्रभराच्या सवयीवर पाणी ओततो. एकाचा जेट लॅग आठवड्यात उतरतो, दुसऱ्याचा निवृत्तीनंतर. ज्या २००७ साली हॅमस्टरांचा सत्कार झाला, त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचं घड्याळ उलटंपालटं करणाऱ्या पाळ्यांना 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. ही बातमी हॅमस्टरांइतकी चवीने चघळली गेल्याचं दिसत नाही.

पण प्रवासी देशासाठी परकीय चलन आणतो, त्याच्या झोपेची किंमत वेगळी, असाही युक्तिवाद होतो. मान्य. मात्र ते चलन हिंजवडीची मुलगीही आणते, आणि तिला विमानतळावर लाउंज नसतो. शिवाय पहाटे तीनला हा प्रवासी सहारला उतरतो तेव्हा त्याचं पारपत्र तपासणारा, बॅग पट्ट्यावर टाकणारा, टॅक्सी चालवणारा असे सगळे आपापल्या घड्याळाविरुद्ध जागे असतात, म्हणूनच तो घरी पोचतो. सोसायटीच्या फाटकाशी हॉर्न वाजतो. वॉचमनला उठायला अर्धा मिनिट उशीर होतो. प्रवासी वर जाऊन चार दिवस झोपतो आणि पाचव्या दिवशी सेक्रेटरीला लेखी कळवतो, की आपला वॉचमन ड्यूटीवर झोपतो.